मी थकलेलो नाही

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ७.१०
आजपासून पंधरा दिवस रजेवर. मी घेतलेली नाही, चर्चच्या कमिटीने लादली. कारण काय, तर शनिवारी दफनविधीनंतर मी मयताच्या पत्नीचा हात हातात घेऊन "मनःपूर्वक अभिनंदन" म्हणालो. सकाळी लग्न, दुपारी बाप्तिस्मा, संध्याकाळी दफन. कुणाचीही जीभ घसरेल. कमिटीचे सेक्रेटरी याला बर्नआउट म्हणतात. चोवीस वर्षं पाळक आहे, एक रविवार चुकवलेला नाही. मी थकलेलो नाही. इथे लिहून ठेवतो.

७.४०
विश्रांतीचं वेळापत्रक केलं. ५.०० उठणे. ५.०५ ते ६.०५ मनन. ६.१० ते ७.०० शांतता. दुपारी १.०० ते १.२० निवांतपणा (अलार्म लावून). बायकोला दाखवलं. म्हणाली, "अहो, यात गाड्या कुठे थांबतात?" तिला शिस्तीची कदर नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर
मनन पाच मिनिटांत आटोपलं. उरलेल्या वेळात पुढच्या वर्षाचे सगळे उपदेश आखले. याला काम म्हणत नाहीत. बायकोने फोन कपाटात कुलूपबंद केलाय. दाढीला गेलो आणि न्हाव्याच्या फोनवरून दोन आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. तिसऱ्याला गिऱ्हाइकं कुरकुरली. अर्ध्या दाढीने घरी. उद्यापासून खरी विश्रांती.

गुरुवार, ५ सप्टेंबर
हॉस्पिटलात गेलो. पाळक म्हणून नव्हे, सहज. वॉर्डच्या सिस्टरने दारातूनच परत पाठवलं. सेक्रेटरींनी तिला आधीच कळवलं होतं. हा कट आहे. घरी येऊन बायकोला सुनावलं, वादळ आलंय आणि मी होडीत स्वस्थ बसू? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "वादळात प्रभू झोपला होता. वल्ही तुम्हीच मारताय."
येशू होडीत झोपल्याचा बायबलमधला दाखला इथे साफ चुकीचा. उत्तर तयार करतोय.

संध्या. ६.००
अजून करतोय.

रविवार, ८ सप्टेंबर
मफलर गुंडाळून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. सगळ्यांनी लगेच ओळखलं. बदली पाळकाचा उपदेश अठरा मिनिटं. माझा पन्नास. लोक शेवटपर्यंत जागे होते, म्हणजे त्याने त्यांना पुरेसं खोलात नेलं नसणार. नंतर सगळे हसून भेटले. तुमच्यावाचून अडलं, असं एकजण म्हणेल तर शपथ. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. रिकामी खोली असावी तसं. मफलर घट्ट झाला असावा.

मंगळवार, १० सप्टेंबर
संधिवाताने घरात अडकलेल्या एक आजी आहेत. सहा वर्षं दर मंगळवारी त्यांच्याकडे प्रार्थनेला जातो. मागचा मंगळवार चुकला, बिचाऱ्या खचल्या असतील म्हणून बायकोचा डोळा चुकवून गेलो. माफी मागितली. म्हणाल्या, "अरे बाळा, बरं झालं की! तू आलास की मला उठून चहा करावा लागतो. गुडघे बोंबलतात."
सहा वर्षं! मी विचारलं, मग बोलला का नाहीत?
"तुला बरं वाटायचं ना रे."
दुर्लक्ष करून प्रार्थनेला उभा राहिलो. तोंड उघडलं. शब्दच नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मग रडू आलं आणि थांबेचना. मटकन खाली बसलो. आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तसं प्रभूशी बोलल्या. "हे तुझं लेकरू दमलंय. याला सांभाळ. जगाचं तू बघ. इतकी वर्षंही तूच बघत होतास."
चहा मी केला. साखर जास्त पडली. त्यांनी कप रिकामा केला.
नोंद: डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टरांना दाखवणे.

शनिवार, १४ सप्टेंबर
तीन दिवस झोपलो. थकव्याने नव्हे, हवा ढगाळ आहे. दुपारी लेक कॉलेजातलं भांडण सांगत बसली. शेवटी म्हणाली, "बाबा, आज तुम्ही ऐकलंत." मी म्हटलं, मी नेहमीच ऐकतो. ती म्हणाली, "नेहमी मान हलवता." मुलीवर आईचा फार परिणाम.

सोमवार, १६ सप्टेंबर. रात्री ८.००
आज कमिटीची सभा. बारा मुद्दे काढून गेलो होतो. रजा आज संपते, ती वाढवायची नाही, नाहीतर कारण लेखी द्या. आत बोलावतील म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. पहिला मुद्दा मनात घोळवत होतो.
जाग आली तेव्हा सभा संपून गेली होती. झाडूवाल्या मावशी माझे पाय उचलून खालचं झाडत होत्या. अंगावर सेक्रेटरींचा कोट, त्याला टाचलेली चिठ्ठी: "घोरणं आतपर्यंत ऐकू आलं. एकमताने आणखी एक महिना."
घरी येताना रस्त्यातच प्रार्थना केली. "प्रभू, दमलो रे." पुढे काही सुचलं नाही. त्यानेही काही मागितलं नाही.
कमिटीचा निर्णय मला मुळीच मान्य नाही. कडक शब्दांत निषेध कळवणार आहे. उद्या सकाळी. जाग आली तर.