क्लॅम्पवरची लाल खूण

२ नोव्हेंबर, रविवार

पार्सल आलं. खोक्यावर टेप दोनदा मारलेली. एकदा मारून भागलं असतं, मग दुसऱ्यांदा कशाला? मध्ये कोणीतरी उघडून पाहिलंय. हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. "साब, पॅकिंग मजबूत करते हैं हम." बरं.

आत सगळं होतं. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, शंकूसारखा लाल फिल्टर, रबरी जोड, तीन क्लॅम्प. गाडीचा हवा ओढायचा काळा डबा काढायचा आणि त्याजागी हे बसवायचं. टर्बोला मोकळी हवा मिळते, आणि पाय उचलला की हुश्श असा आवाज येतो म्हणे. त्या एका हुश्शसाठी मी, मंडल ऑफिसच्या रेकॉर्डखोलीतला बाबू, एक्केचाळिसाव्या वर्षी जीव टाकतोय. गाडी दोन दारांची, लाल, मी तिचा तिसरा मालक. पहिल्या दोघांनी का विकली ते अजून कळलेलं नाही.

वंदना म्हणाली, "बाबांना मागं बसवता कसं हो या गाडीत?" बाबा बसतच नाहीत. बाहेरूनच हात फिरवतात. सगळा जन्म कापसाच्या जिनिंग मिलचा ट्रॅक्टर हाकण्यात गेला त्यांचा.

९ नोव्हेंबर, रविवार

बसवलं. गजूच्या गॅरेजात, जैनथ रोडला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता. पहिलीपासून एका बाकावरचा माणूस. तरी सकाळपासून डोक्यावर उभा राहिलो. त्याने तीन बोल्ट काढले, काळा डबा उचलला, सेन्सर फुंकून नव्या पाइपात घातला. हात असे चालतात की बघत राहावं. मी मात्र बोल्ट मोजत होतो.

क्लॅम्प आवळून झाल्यावर खिशातून वंदनाची नेलपॉलिश काढली. प्रत्येक क्लॅम्पच्या स्क्रूवर एक लाल रेघ, अर्धी स्क्रूवर, अर्धी पट्टीवर. कोणी सैल केला की रेघ तुटणार. गजू गाडीला टेकून बघत उभा राहिला.

"दिलप्या, माह्या हातावरबी मार एक रेघ."

"तुझ्यासाठी नाही रे. जगासाठी."

"जगात मीच एक हाय ना इथं."

हसला. पण मनाला लागलं असावं.

पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. हुश्श. पुन्हा हुश्श. चाळिशीत माणसाला असा आनंद होऊ शकतो हे कोणी सांगितलं नव्हतं. सोबत गजू होता, तोही लहान पोरासारखा हसत होता.

जेवायला त्याला घरीच आणलं. जेवताना म्हणाला, "कापसाचे दिवस हायेत. डब्याले झाकण होतं, याचं तोंड उघडं हाय. दर हप्त्याले साफ करत जाय." बाबांनी घास हातात धरून विचारलं, "जाळी एकच?" गजू म्हणाला, "एकच, बाबा." बाबांनी मग घास तोंडात घातला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जुना काळा डबा ग.कडून मागून आणला. एक क्लिप कमी आहे. "पडली असन कुठंतरी, पाह्यतो." आजवर त्याच्याकडून काही पडलेलं मला आठवत नाही. लिहून ठेवतो फक्त.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सायलेन्सर खडखडतो म्हणून गाडी दिवसभर ग.कडे. सोडताना किलोमीटर लिहून घेतले होते. संध्याकाळी तीन जास्त. म्हणे ट्रायल. सायलेन्सरचा खडखडाट ऐकायला तीन किलोमीटर?

किल्ली देताना म्हणाला, "पिकअप जराक दबल्यासारखं वाटते. कापूस बसला असन. खोलून पाहू का?"

मी म्हटलं, "काही खोलू नको."

उद्या सकाळी बाबा ताईकडे इंद्रवेल्लीला. महिनाअखेरपर्यंत तिकडेच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी ओढत नाही. हुश्श गेलं. त्याजागी बारीक शीळ, कुकरची शिटी अडकते तशी. जैनथ रोडला कापसाच्या गाडीला मागे टाकता येईना. मीटरवर पिवळा दिवा.

ऑफिसला न जाता घरी वळलो. बोनेट उघडलं. फिल्टरच्या क्लॅम्पवरची रेघ तुटलेली. मधून, स्वच्छ. बाकी दोन जशाच्या तशा.

म्हणजे खोललंय. नऊ तारखेनंतर गाडी माझ्या दारात होती नाहीतर त्याच्या. वंदनाला विचारलं. "मले त्यातलं काय समजते? मी तर माही नेलपॉलिश शोधून राह्यले." दुसरं कोणाला विचारायचं. घरात दुसरं आहे कोण.

बसवल्या दिवशी काढलेल्या फोटोशी फिल्टर ताडून पाहिला. अक्षरं थोडी तिरकी वाटतात. खरा काढून नकली घातला? की नुसता सैल करून ठेवला, पुढे मोठं काम निघावं म्हणून? "खोलून पाहू का" असं त्याने विचारलं ते आधीच खोलून झाल्यावर, हे आता कळतंय. चोराच्या मनात चांदणं.

झोप नाही. गाडीचं दुःख नाही एवढं. गजू. गजूने.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. म्हटलं, मी काही बोलत नाही, तू खोल.

त्याने तुटलेली रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, क्लॅम्प सोडवून फिल्टर उपसला. पाइपच्या तोंडावर कापड. ताणून बसवलेलं, काळं झालेलं, मध्ये भोक. भोकाच्या कडा आत ओढलेल्या.

हे मनात नव्हतं आलं. फिल्टर बदलला असेल, एवढंच. पण टर्बोच्या तोंडात चिंधी!

मी खूप बोललो. सगळं लिहीत नाही. टर्बो खराब व्हावी, नवी घ्यायला लावावी, म्हणून केलंस, असं म्हटलं. पस्तीस वर्षं एका ताटात जेवलास, असंही म्हटलं. त्याने ते कापड पेट्रोलच्या डबड्यात खळबळलं. पिळलं. उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. मग घडी करून खिशात घातलं.

"बोलत का नाहीस?"

"काय बोलू? तुले जे समजायचं ते समज."

आमच्या ऑफिसात ज्याच्याकडे कागद नसतो तोच असा गप्प राहतो. एवढ्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही हे.

निघताना म्हणाला, "चालू करू नको गाडी. मदला तुकडा आत गेला असन तर टर्बोचा पंखा खलास." मला ती धमकी वाटली. ट्रॅक्टर बोलावला, दोर लावला, गाडी ओढत घरी आणली. सगळ्या जैनथ रोडने पाहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कापड त्याने खिशात का घातलं? पुरावा म्हणून ते माझ्याकडे हवं होतं. मूर्ख मी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसच्या चहावर सगळं सांगितलं. हेडक्लार्क साहेब कप खाली ठेवून म्हणाले, "अरे बाप रे, माझी गाडी तर त्याच्याचकडे असते." दुपारीच माणूस पाठवून काढून आणली. दुसऱ्या दोघांनी पण. बरं वाटलं. बरं वाटलं हे खरं, म्हणून लिहितो.

गाडी ताडपत्रीखाली. दुसरा मेकॅनिक आणायचा तर नागपूरहून. तो तरी कसा असेल कोणास ठाऊक.

४ डिसेंबर, गुरुवार

लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

बाबा काल परतले. सहा तारखेला विहारात जायचं म्हणून वंदनाने पेटीतून पांढरे कपडे काढले. आईचं पांढरं लुगडंही निघालं, बारीक निळ्या किनारीचं. आई जाऊन तीन वर्षं झाली, वंदना ते दरवर्षी धुऊन परत ठेवते. पदराचा कोपरा गेलेला. वंदना म्हणाली, उंदीर. मी पाहिलं. उंदीर चौकोनी कुरतडत नाही. ब्लेडने कापलेलं होतं.

बाबांना विचारलं. लपवलं नाही त्यांनी काही, उलट खूश झाले, कोणी विचारतंय म्हणून.

"ताईकडं जायच्या दोन दिस आदी, तू गाडी ठेवून हापिसात गेला होता तवा बसवलं. जिनिंगमदी हंगामात ट्रॅक्टरच्या पाइपाले आमी लुगड्याचा तुकडा बांधत होतो. जुन्या लुगड्याचं सूत नरम, हवा जाते, कापूस जात नाई. एक इंजिन खराब नाई होऊ देल्लं मी. तुही जाळी एकच. मंग वरून नाई, आतून बांधलं, उडू नये म्हून."

"आईचंच का पण?"

"दुसरं एवढं धुतलेलं कुठं हाय घरात?"

ट्रॅक्टर हळू ओढतो, बाबा. टर्बो कशी ओढते ते तुम्हाला कसं कळावं. हे मी मनात म्हटलं.

"चांगली चालते ना आता गाडी?"

"हो बाबा. चांगली चालते."

कापसापासून जपायला ताडपत्री टाकलीय असं त्यांना वाटतंय.

रेघ तुटली ती चौदाला, माझ्याच दारात. पंधराला गजू विचारत होता, खोलून पाहू का. खोलू दिलं असतं तर त्याच संध्याकाळी सापडलं असतं. शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी बाबांबरोबर विहारात. लक्ष नव्हतं. तिथून त्याच पांढऱ्या कपड्यांत गॅरेजवर.

मी तोंड उघडायच्या आत गजूने कपाटातून कापड काढून बाकड्यावर पसरलं. धुऊन पांढरं केलेलं. एका बाजूला निळी किनार.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मायच्या लुगड्याची किनार मी नाई वळखणार? अन् तिचं लुगडं कापाची हिंमत घरात बाबाबिगर कोनाची हाय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू काय म्हनला असता? स्वतःचं पाप बुढ्यावर ढकलून राह्यला, म्हनला असता. अन् पटलं असतं तर घरी जाऊन बाबावर वरडला असता. दोनीकून तेच."

खरं होतं. असंच झालं असतं. चुकलो म्हटलं. दोनदा म्हटलं. त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते समजलं नाही. कापडाच्या मधल्या भोकावर बोट ठेवून म्हणाला, "एवढा तुकडा कमी हाय. पंख्यात हाय का पुढं गेला, ते खोलल्याबिगर समजत नाई."

"खोल मग. आणतो गाडी."

"आता नाई. हात रिकामे नाईत."

गॅरेजात एकही गाडी नव्हती.

८ डिसेंबर, सोमवार

चहावर हेडक्लार्क साहेबांना सांगितलं की गजूचा दोष नव्हता, माझ्याच घरातून झालं. ते म्हणाले, "तेव्हाही तुम्ही असंच छातीठोक सांगत होता. दोन्हीपैकी धरायचं कोणतं?" बाकीचे हसले. गाडी कोणी परत पाठवणार नाही. बोललेला शब्द काही परत घेता येत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढत नेली. पुन्हा सगळ्या जैनथ रोडने पाहिलं. बाबा ऐकेनात, स्टिअरिंगवर मीच बसतो म्हणाले. सर्व्हिसिंगला नेतोय, उभी राहून बॅटरी उतरलीय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. लाल गाडीत पहिल्यांदाच बसले ते. दोर एकदाही सैल पडू दिला नाही. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मागे बघत होतो.

निघण्याआधी जुन्या तिन्ही रेघा नखाने खरवडून टाकल्या. नव्या मारल्या नाहीत.

गजू आत बाकड्यावर होता. ट्रॅक्टरचा आवाज ऐकूनही उठला नाही. मी दारात उभा. बाबा गाडीतून हळूहळू उतरले, किल्ली हातात घेऊन सरळ आत गेले.

"गजू, तोंडावरचं कापड मळलं असन रे. बदलून दे. घरी हाय अजून लुगडं."

गजू उठला. "लागलं तर मांगतो, बाबा."

किल्ली त्याने बाबांच्या हातातून घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांना स्टूल दिलं, चहा सांगितला. चहा दोनच आले.