पंधरा दिवस राखलेली जागा

९ सप्टेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. परवा एका आजोबांना कवळी बसवून दिली, तर म्हणाले, "आता बायकोशी नीट भांडता येईल!" तू असतीस तर हसली असतीस. हल्ली फोनवर हसत नाहीस.

कॉमर्सला तुझा दुसरा नंबर आला, आईचं शेजारीपाजारी सांगून झालं. मला मात्र तू शेवटी बोललीस तेच ऐकू येतं. "बरं झालं बाबा, त्या कॉलेजने मला घेतलं नाही. माझ्यात तसं काही नव्हतंच." त्यावर मी काय विचारलं? "जेवलीस का?"

मंगळवारी दुकान बंद ठेवून त्या कलेच्या कॉलेजात जाऊन आलो. अजून तसंच आहे. मुलं आपला स्वयंपाक आपणच करतात, मार्कांऐवजी शिक्षक प्रत्येकाला पत्र लिहितात. अर्धं डोकं भादरलेल्या एका मुलीने मला कांदे चिरायला बसवलं. "काका, बारीक हं!"

गेल्या वर्षी तुझ्या मुलाखतीला आलो, तेव्हा तिथल्या मुलांना बघून मी म्हणालो होतो, "ही कसली सर्कस!" तोवर तू माझा हात सोडवून, बाहुल्यांच्या चित्रांची वही उघडून त्यांच्यात बसलीसुद्धा होतीस. तासाभरात जेवढं बोललीस, तेवढं घरी वर्षभरात बोलली नव्हतीस. मला भीती त्यांच्या केसांची नव्हती, ठमे. ही पोर आता आपल्याकडे परत यायची नाही, याची होती.

तिथल्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुमच्या फोननंतरही आम्ही तिची जागा पंधरा दिवस राखली होती."

हो, मीच फोन केला होता. तुला त्यांनी निवडलं होतं. पत्र दुकानावर आलं. "ती येणार नाही," असं मी कळवलं, आणि तुला म्हणालो, "नाही झालं गं." तू स्वतः बनवलेल्या सगळ्या बाहुल्या खोक्यात भरल्यास. ते खोकं माळ्यावर मीच चढवलं.

पुन्हा अर्ज करता येतो, असं बाई म्हणाल्या. काल फोनवर तुला नुसतं सुचवलं, तर म्हणालीस, "नको बाबा. एकदा नाही म्हणाले ना ते." तेव्हाही खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून हे पत्र, आणि सोबत त्यांचं, तुला निवडल्याचं. आईला आज सांगतो.

रागाव. बोलूही नकोस. पण "माझ्यात काही नव्हतं" असं पुन्हा म्हणू नकोस.

तुला नाकारणारा एकटा,
बाबा