छोट्या सैन्याचे छत्रीवाले

रविवार, २ फेब्रुवारी

मोडतंय बहुतेक. माझं लग्न!

हॉल ठरला, जेवण ठरलं, हुंड्याचा तर विषयच नव्हता. मग चहा. टीव्हीवर बातमी — कुठल्याशा चिमुकल्या बेटाच्या देशाने पॅराट्रूपर्सची तुकडी उभारली. पप्पा म्हणाले, "एवढंसं सैन्य. छत्रीवाले कशाला?" आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, संदेशचे वडील, हिम्मतरावकाका, जन्मभर पॅराट्रूपर! त्यांनी कप खाली ठेवला. "गरज छोट्यालाच असते, नामदेवराव. मोठ्याकडे रणगाडे असतात."

"विमान एकच. तेही दुरुस्तीला. उडी कशावरून मारायची, पाण्याच्या टाकीवरून?"

"तुम्ही पोस्टातले. तुम्ही जवानाला तिकीट लावून पाठवाल."

जाताना काकांनी जय भीमसुद्धा चपलांकडे बघून केला. तारीख काढायची राहूनच गेली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आई म्हणते, चहा ठेवायलाच नको होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रिटायर झाल्यापासून दूध आणायला सांगितलं की पप्पांचा गुडघा दुखतो. आज ते नल्लकुंट्याच्या घरून बसने पार अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन आले! आल्या आल्या काकांना फोन. मला वाटलं, माफी मागतायत. छे. "खाली उतरलेल्या माणसाला जेवण कोण पोचवणार, ते सांगा."

काका इतके ओरडले की आईला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "बांधून नेतो आम्ही!"

संदेशला म्हटलं, तुझ्या वडिलांना समजाव. "हौ, बघतो," म्हणाला.

रविवार, ९ फेब्रुवारी

काका आले. एकटेच. मला वाटलं, नकार द्यायला आलेत. त्यांनी टेबलावर वाट्या मांडल्या — ही बेटं. मिठाची बरणी विमानतळ. काकांनी बरणी आकाशातून घेतली, पप्पांनी समुद्रातून. आमटी गार झाली.

शेवटी मी तोंड घातलं. विमानतळ घेतला, पण मदत येईपर्यंत तो धरून ठेवायला माणसं पुरली नाहीत तर? मग काका म्हणाले, "हे तुम्हाला नाही सुचलं, नामदेवराव." दिवसभर मी उगाचच खुशीत.

माझं मत — थोडे ठेवावेत, पण ठेवावेत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तारीख निघाली, एप्रिलची. वाद मिटलेला नाही, पण दोघांना आता एकमेकांशिवाय करमत नाही; रविवारची बैठक ठरलेलीच. आई म्हणते, ह्या दोघांचंच लावून द्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आबिड्सला संदेशबरोबर फालुदा. सहज विचारलं, तुझं काय मत? पॅराट्रूपर हवेत की नकोत?

"बाबांना हवेत म्हटलं. तुझ्या पप्पांना नकोत म्हटलं. तुला काय पाहिजे, बोल."

मला तुझं मत पाहिजे.

"छोडो ना. दोघं खूश आहेत की."

विचारलं — आणि माझी नोकरी? चालू ठेव म्हणाला होतास.

"तुला हो म्हटलंय. मम्मीला सांगितलंय, ती नोकरी सोडणार. होईल की अॅडजस्ट."

फालुदा मी संपवला. घरी चालत आले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नाही म्हणून कळवलं. आई रडतेय. उद्या रविवार आहे, एवढंच पप्पा म्हणाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

बेल वाजली. हिम्मतरावकाका. "बेटी, रिश्ता गेला. मी आलो तर चालेल ना?"

दुपारपासून दोघे भांडतायत. मी आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं, कालपासून पहिल्यांदा.