उत्कर्षाचं केळवण

६ नोव्हेंबर, बुधवार

लाभपाचम. दिवाळीची सुट्टी संपून कंपनी उघडली. मकरपुऱ्याच्या बसमध्ये सगळ्यांना गुजराती नव्या वर्षाचं "साल मुबारक" केलं, दोघांना दोनदा केलं. हसले. हसू देत!

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, रोज लिहा. दिवाळीआधीच म्हणाल्या होत्या, पण वही सापडत नव्हती. आज फ्रिजवर सापडली. तर लिहिते — मला एडीएचडी आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं वेंधळी, धांदरट, 'हिला कुणाची किंमतच नाही' हे ऐकत आले आणि खरंही मानलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला आहे तरी कोण? एक नयना. तिच्या घरी लेकीच्या, उत्कर्षाच्या लग्नाची घाई. तिला कुठे हे पुराण ऐकवू!

८ नोव्हेंबर

नयनाचाच फोन! उत्कर्षाचं केळवण माझ्याकडे, १७ तारखेला, रविवारी. लग्न २४ला, मधे दुसरा दिवस नाही. "पण ऐक," म्हणाली, "मुकुंदला तू स्वतः रीतसर बोलाव. तुझं बोलावणं आल्याशिवाय तो पाऊल उचलणार नाही. मीही मग काही बोलू शकणार नाही हं."

बरोबर आहे तिच्या नवऱ्याचं, मुकुंदचं. गेल्या संक्रांतीला तिघांना तिळगूळ घ्यायला या म्हटलं आणि विसरले. ते आले तेव्हा डोक्याला तेल थापून कपाट आवरत बसले होते, सगळं घर कपड्यांनी भरलेलं. मुकुंद दारातूनच मागे फिरला. नयना थांबली, मुकाट्याने घड्या घालू लागली. ही नयना! पाचवीपासूनची. बाकीच्या एकेक करून गळल्या — कुणाचा वाढदिवस विसरले, कुणाच्या वडलांच्या तेराव्याला पोचले नाही. ही तेवढी राहिली. आणि तिची उत्कर्षा, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली.

हे केळवण नीट झालं पाहिजे. झालंच पाहिजे.

११ नोव्हेंबर

आज काय केलं मी! आमंत्रण तयार केलं. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पंपाचं ड्रॉइंग करतात ना, अगदी तसं — केळीच्या पानाचं. डावीकडे लिंबू, कोशिंबीर, चटणी, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद, तिचा व्यास सत्तर मिलिमीटर! खाली 'चि. उत्कर्षाचं केळवण. मुकुंदराव, आपण सर्वांनी अगत्याने यावं.' जेवणाची सुट्टी गेली, चहा गेला, कळलंच नाही. शेजारच्या टेबलावरच्या केयूरला दाखवलं. "नीरजाबेन, बहु सरस! आवुं कार्ड तो में जोयुं ज नथी!" असं कार्ड पाहिलंच नाही म्हणे! त्याने चार जणांना बोलावून दाखवलं. संध्याकाळपर्यंत हवेत होते.

आमंत्रणाचं काम झालं. यादीत त्यापुढे मोठ्ठी बरोबरची खूण.

१४ नोव्हेंबर

मंगळबाजारात साडी घेतली, मोरपिशी. खण, नारळ, बांगड्या. पिशवी दुकानात विसरले नाही! रिक्षात विसरले नाही! घरी येऊन तिला नमस्कारच केला.

नयनाकडून आमंत्रणाबद्दल चकार शब्द नाही. घाईत असेल.

१६ नोव्हेंबर

चक्का टांगला. तीन गजर लावलेत. भिंतीवर कागद: 'कपाट उघडायचं नाही.'

१७ नोव्हेंबर, रविवार

साडेअकरापर्यंत सगळं तयार. श्रीखंड, पुऱ्यांची कणीक, मसालेभात, अळूवडी. पाटाभोवती रांगोळी. औक्षणाचं तबक. काही म्हणजे काही राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या आधी मी तयार! खुर्चीत बसून राहिले, केस विसकटतील म्हणून मान टेकवली नाही.

बारा. साडेबारा. जिना वाजला की उठायचे. वरच्या मजल्यावरचे लोक.

फोन करावा? नाही केला. मुलीच्या केळवणाला काय 'येताय ना' म्हणून विचारायचं?

दीड वाजला तेव्हा कळलं, येत नाहीत. मुकुंदने नाही म्हटलं असणार आणि नयनाने मान डोलावली असणार. तीसुद्धा! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला नकार फार झोंबतो. झोंबतो काय, भाजून निघाले. फोन उचलला, वरचे जुने मेसेज न बघता नयनाला लिहून टाकलं — 'यायचं नव्हतं तर सांगायचं होतंस. तेहतीस वर्षांत एवढंही नाही जमलं?' लगेच गेलं. लगेच निळ्या खुणा.

पुऱ्या लाटल्याच नाहीत. श्रीखंड वाटीत घेतलं, दोन चमचे खाल्ले आणि रडले. रांगोळी अजून तशीच आहे, तिला ओलांडून स्वयंपाकघरात जावं लागतं.

१८ नोव्हेंबर

नयनाचं उत्तर आलं. 'बरं.'

२० नोव्हेंबर

केयूरने विचारलं, केळवणाचं जमण कसं झालं, कार्ड बघून काय म्हणाले. मी म्हटलं, काहीच म्हणाले नाहीत. "एवुं केम बने?" म्हणाला, असं कसं होईल? तेव्हा फोन उघडला, ते कार्ड पुन्हा बघावं म्हणून.

पाठवलंच नव्हतं.

नयनाला नाही, मुकुंदला नाही, कुणालाच नाही. केयूर 'बहु सरस' म्हणाला, चौघे वा वा म्हणाले, आणि माझ्या डोक्याने ठरवलं की झालं, दिलं आमंत्रण. यादीत खूणसुद्धा केली! सगळं रांधलं आणि बोलावलंच नाही. मूर्ख. महामूर्ख. आणि वर तिलाच खडसावलं. तो मेसेज बरा गेला टाकोटाक!

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

२१ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून त्यांच्याकडे गेले. साडी घेऊन. आज त्यांच्याकडे लग्नाआधीची ग्रहांची पूजा, ग्रहमख होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं. ग्रहमख झालं की मुलगी दुसऱ्याकडे जेवायला जात नाही, म्हणजे केळवण आता नाहीच.

मुकुंद बाहेर आला. सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं. एडीएचडीचंही सांगितलं, पॅसेजमध्ये, चपलांच्या ढिगात उभी राहून. हे कधी सांगेन तर नयनाला, निवांत, चहा पिताना, असं मनात होतं.

"कामात तर छान लक्ष लागतं तुमचं," कार्डाकडे बघत तो म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ द्या. लग्नाला या."

या! मला तो कायम 'ये' म्हणतो.

नयना आत दिसली. तिनेही मला पाहिलं. कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

साडी पिशवीतच परत आणली.

२३ नोव्हेंबर

उद्या जाऊ नये असं वाटतंय. कोण शोधणार आहे मला तिथे!

२४ नोव्हेंबर, रविवार

गेले. अक्षता टाकल्या. नयना समोरून दोनदा गेली, बोलली नाही. साडी द्यायला रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तशी उत्कर्षाने वाकून कानात सांगितलं, "मावशी, त्या रविवारी मी दीड वाजेपर्यंत साडी नेसून बसले होते. बाबांना म्हटलं, मावशीचा फोन आयत्या वेळीच येणार, थांबा. कुणालाच जेवू दिलं नाही मी."