अण्णांच्या यंत्राची वात

१ फेब्रुवारी, रविवार
आईला बुवापाड्याहून कात्रपला आणलं. मांडीचं हाड जुळलंय, पण काठी सुटलेली नाही आणि तिथला संडास गल्लीच्या टोकाला.

अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दारातच अट सांगितली. "महिनाभर राहू दे. पण माझी वात वेळेवर पाहिजे." पुढे हेही म्हणाले की, भांडीवाली माझ्या घरात पाहुणी म्हणून येईल असं वाटलं नव्हतं. आईच्या तोंडावर. गि. मोबाइलमध्ये. नवरा म्हणून एवढंच काम. आई हसली. अंबरनाथ पूर्वेला घरोघरची भांडी घासून तिने माझा डिप्लोमा केला, ऐकून घेऊन हसायची सवय आहे तिला.

अण्णांची बायपास झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुन्हा सिगारेट ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका. तेव्हापासून गि.च्या मावसभावाने दुबईहून आणलेल्या वाफेच्या यंत्रावर, ई-सिगारेटवर, अण्णा तगून आहेत. (डॉक्टरांना हे माहीत नाही.) आणि यंत्र तगून आहे माझ्यावर. आपल्याकडे बंदी, तयार वाती मिळत नाहीत.

दुपारी तीन वाती केल्या. कंपनीत कापून उरलेली स्टीलची बारीक जाळी, साहेबांना विचारून आणलेली. पट्टी कापली, गॅसवर लाल करून काळी पाडली, दाभणाभोवती गुंडाळली, परत ज्योतीवर धरली. आई बघत बसली होती.
"देवाची वात कापसाची, आणि यांची लोखंडाची?"
म्हटलं, यांचा देव वेगळा.

एक बसवून दिली. वातीभोवतीची तारेची कॉइल सगळीकडे सारखी लाल. बाकीच्या दोन वाटीत, फ्रिजवर. वात काजळीने भरली की अण्णा स्वतः बदलतात.

४ फेब्रुवारी, बुधवार
कामावरून आले तर अण्णा दारात उभे. त्यांनी नवी वात घातली आणि पहिल्याच झुरक्याला घसा भाजला. "सून आहेस की वैरीण?"

यंत्र उघडलं. कॉइलचा वरचा एकच वेढा पेटतोय, खालचे थंड. म्हणजे करंट जाळीत उतरतोय. जाळीवरचा काळा थरच तो अडवतो. तो कच्चा राहिला असणार. पण मी कच्चं काम करत नाही. कंपनीत दिवसभर जाळ्याच तपासते, लोकांचा माल परत पाठवते. तीच वात पुन्हा भाजून दिली. नीट चालली.

७ फेब्रुवारी, शनिवार
परत तेच. तिसरी वातही जळली. वात माझ्या हातात चालते, त्यांच्या हातात जळते.

सुटल्यावर उल्हासनगरला उतरले. आधी असला माल ठेवायचा त्या सिंधी दुकानदाराने मान हलवली. "मॅडम, वो आइटम अब नहीं रखते. पोलीस का लफडा." रिकाम्या हाताने घरी.

अण्णा जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरात माणूस वाढलं की कामात लक्ष राहत नाही." आई अर्ध्या भाकरीवर उठली.

आता कळलं. वात अण्णाच मुद्दाम बिघडवतायत. आईला घालवायला निमित्त पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार
नव्या वाती केल्या. एक मुद्दाम घट्ट, भोकात करकचून बसेल अशी. घट्ट वातीतून टाकीतला निकोटिनचा ज्यूस वर चढत नाही, कोरडी जळते. तीच बसवून दिली. अण्णा गॅलरीत खोकत बसले, डोळ्यांतून पाणी. मला बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी बदलून दिली. बाकीच्या वाटीत ठेवल्या, चांगल्या, पारखून.

११ फेब्रुवारी, बुधवार
चांगलीही जळली. अण्णांनी कपाटातून लायटर काढून टेबलावर ठेवला. नुसता. "रविवारी म्हातारीला पोचवून ये. नाहीतर मी खाली टपरीवर जातो. मेलो तर तुझ्या नावावर."
गि. म्हणाला, तू जरा नीट करत जा ना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीची लाइट गेली, लवकर सोडलं. अण्णा झोपलेले. आई सिंकला टेकून उभी, काठी बाजूला. हातात फ्रिजवरची वाटी. चिंच लावून काथ्याने माझ्या वाती घासत होती. चांदीसारख्या चकचकीत, करंट अडवणारा काळा थर साफ.

"करपलेलं तसंच ठेवतेस वाटीत. म्हातारा तुला बोलतो. म्हणून मीच घासून ठेवते. तुला सांगितलं नाही, ओरडशील म्हणून."

एकदा जळली की वात परत काळी होते, म्हणून इतके दिवस मला दिसलं नाही.

मी ओरडले. "घासण्याशिवाय काही येतं का तुला? जाशील तिथे भांडीवालीच." शब्द अण्णांचा, तोंड माझं. आईने हात पदराला पुसले आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. लाज वाटली. जवळ गेले नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
अण्णांना खरं सांगितलं तर आई आजच रस्त्यावर. म्हणून म्हटलं, "अण्णा, तुमचे हात थरथरतात. वात बसवताना थर खरवडला जातो."
"माझे?"
"तुम्हाला कळत नाही. आम्हाला दिसतं."
दोन्ही हात समोर धरून बघत राहिले. मग यंत्र माझ्याकडे सरकवलं. "यापुढे तूच बसव." आईला घालवायचा विषय निघाला नाही. जिंकले. आई आतून ऐकत होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गि. घाबरलाय. अण्णांनी दाढी करायला त्याला बोलावलं. वस्तरा धरवत नाही म्हणाले. नणंद सोमवारी संध्याकाळी मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

आई म्हणाली, "माणसाला असं करू नये गं. मी सांगते त्यांना."
मी म्हटलं, "सांग. मग बुवापाड्याला एकटी जा. मी पोचवायला येणार नाही."

१५ फेब्रुवारी, रविवार
वाती झाल्या. आई बघायला बसली नाही.

चहाच्या वेळी अण्णांनी कपाला हात लावला नाही. आईला म्हणाले, "विहीणबाई, जरा कप धरता का?" विहीणबाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने धरला, फुंकर घालून घोटघोट पाजला. मी अण्णांचा मांडीवरचा हात पाहत होते. अगदी स्थिर होता. आईही तिकडेच बघत होती.

भांडी ठेवताना तिने विचारलं, उद्या कंपनीत तुझी पाळी कोणती? पहिली, म्हटलं. गि. माझ्याही आधी निघतो. डॉक्टर संध्याकाळी; सकाळी घरात आई आणि अण्णा दोघंच असतील.