तुमच्या बहिणीचं पहिलं निवेदन

आदरणीय दादांना वाकून नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी धाकटे, पण बायकोचा थोरला भाऊ तो जगाचा थोरला.) गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. त्यातलं एक जण बोलत नाही, एवढंच.

झालं असं, की आमच्या दूरचित्रवाणी केंद्राला चाळीस वर्षं होताहेत, आणि त्याचा इतिहास लिहायला एक चुणचुणीत मुलगी घरी आली. मला काय, निमित्तच हवं होतं. केंद्राच्या त्या तीन खोल्या डोळ्यांपुढे तरळल्या, जशी चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवते: शब्द हरवलेले, चाल शाबूत. कॅमेरा एक, खुर्ची एक, आणि कोटही एकच. बातम्या संपल्या की वाचणारा कोट काढून हवामानवाल्याला देई (टेबलाखाली दोघांचेही घरचे पायजमे). हवामानवाल्याला सगळे छत्रीकाका म्हणत. तो खिडकीतून हात बाहेर काढून अंदाज ठरवायचा. ती खिडकी उघडायची जिन्यात, त्यामुळे आमच्याकडे वर्षानुवर्षं हवामान कोरडं राहिलं. तरी बायका त्याचं ऐकूनच कपडे वाळत घालायच्या.

आणि मग आमची निवेदिका, म्हणजे तुमची बहीण. संध्याकाळी सहाला पडदा उजळायचा आणि ती म्हणायची, नमस्कार. बस्स. रस्त्यावरच्या सायकलीसुद्धा हळू व्हायच्या असं मला आजही वाटतं. तेवढ्यासाठी मी टेपांच्या खोलीचं दार किलकिलं ठेवत असे.

टेपा सांभाळणं माझं काम. त्या मोजक्याच, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं भरायचं, असा रिवाज. टेपांना आकडे द्यायचे असतात. पण आकड्यांनी माझं मन उदास होई, म्हणून मी शाळेतल्या कवितांची नावं देई. तुमच्या बहिणीचं पहिलं निवेदन कुणी पुसू नये म्हणून त्या टेपेला संध्याकाळच्या एका कवितेचं नाव दिलं आणि वरच्या फळीवर लपवली. इतकी नीट लपवली, की सहा वर्षांनी सापडली तेव्हा मलाच वाटलं, हे कुठलंतरी शाळकरी काव्यवाचन, याच्यासाठी कोण रडणार? तिच्यावर ‘नळ गळत असल्यास’ हा कार्यक्रम भरला. चाळीस मिनिटं. चूक कळली तेव्हा नळ दुरुस्त झाला होता.

हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या मुलीने केंद्रातली टेपांच्या नोंदींची वही आणली होती. तुमच्या बहिणीने चष्मा लावून त्या टेपेपुढची माझ्या अक्षरातली नोंद वाचली, तीही निवेदनाच्या स्वच्छ आवाजात: “पुसली. उपयोग नाही.” मुलगी हसली. मीही हसलो (हे चुकलंच). तुमची बहीण म्हणाली, “म्हणजे माझा आवाज आता कुठेच नाही?”

त्यालाही अकरा दिवस झाले. मला काही सांगायचं असलं तर ती शेजारणीला सांगते आणि शेजारीण मला. केंद्रावर प्रक्षेपण बंद पडलं की निदान ‘क्षमस्व’ची पाटी तरी लावत, घरात तीही सोय नाही.

असो. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.
तुमचाच,
टेपवाला

ता. क. तिचं पहिलं निवेदन तुम्ही घरच्या रेकॉर्डरवर उतरवून सगळ्या गल्लीला दाखवलं होतं. ती कॅसेट माळ्यावर असेल, शोधाच. इतिहास गेला खड्ड्यात, मला घरात तो आवाज हवा आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार, तोच खांद्यामागून आवाज आला, “अहो, दादाला उगाच शोधायला लावू नका. त्या कॅसेटवर तुमची कविता आहे.” (बारावा दिवस उजाडला!) एकदा केंद्रावर कार्यक्रमाचा पाहुणा आला नाही म्हणून मला कोट चढवून कविता म्हणायला बसवलं होतं. तुमच्याकडे कोरी कॅसेट नव्हती, तेव्हा तिनेच तुम्हाला सांगितलं होतं म्हणे, “माझ्यावरच भर, माझं केंद्रात जपून ठेवलेलं आहे.”

तरीही दादा, शोधाच. तिसऱ्या कडव्याला मी अडकतो, आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी पुढची ओळ हळूच सांगतं. तीच ओळ ती आत्ता स्वयंपाकघरातून मला सांगते आहे, आणि मी अजूनही आठवत नसल्याचं सोंग करतो आहे.