डोंगरापलीकडे मामाचं घर

२ नोव्हेंबर

चि. घारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू शब्द फिरवतोस, म्हणून कागदावर घालते. परवा जेवताना माझे चिरंजीव तुझ्यादेखत म्हणाले, की आई एका दिवसात पायी डोंगर ओलांडून मामाच्या दारात पोचली, तर हे घर विकून त्याच्या फ्लॅटवर राहायला येण्याचा विषय तो पुन्हा काढणार नाही. तो हसत म्हणाला. मी हसत नव्हते.

सोबत तू यायचंस, हेही ठरलं. आदल्या रात्री माझ्याकडे मुक्काम, उजाडताना निघायचं, दिवेलागणीला तुझ्या घरी. फक्त जायचंच आहे, तेव्हा अर्ध्यातून मागे फिरायची तुझी सवय इथे चालणार नाही. बरोबर पाणी, भाकरी आणि काठी. बाकी तुझं डोकं घरी ठेवून आलास तरी चालेल.

वहिनीला आशीर्वाद. माया आहेच, वेगळी लिहीत नाही.

तुझी ताई

*

११ नोव्हेंबर

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तयारी जोरात आहे. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी या मोहिमेसाठी एक समिती नेमली. तिच्या दोन बैठका झाल्या. दुसरीत पहिलीचं इतिवृत्त मंजूर झालं. नवे बूट सैल व्हावेत म्हणून घरातच घालून हिंडतो. हिचं म्हणणं, आधी पुसलेल्या फरशीवरून उतरा, मग डोंगरावर चढा. पाठपिशवीत घडीची खुर्ची, शिट्टी, छत्री आणि शेकायची पिशवी बसली. आता ती उचलणार कोण, हा प्रश्न समितीपुढे आहे.

तरी ताई, घाई नको असं वाटतं. धुकं आहे, माझा गुडघाही कुरकुरतो. उन्हाळ्यात बघू. आणि खरं सांगू, फ्लॅट काही वाईट नाही. खिडकीतून बाग दिसते, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत. या वयात हट्ट कशाला?

रागावू नये, ही विनंती.

तुझा घारू

*

१५ नोव्हेंबर

चि. घारूस आशीर्वाद, या खेपेला थोडे कमी.

न्हाणीघरातले दांडे तू कधी पाहिलेस? मला न विचारता भाच्याबरोबर फ्लॅट बघून आलास, चहा प्यालास आणि फितूर झालास. जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, तेव्हा कोण कुठून कुठे सरकलं ते मला कळतं.

मी रविवारी निघते. ती वाट मळलेली आहे. पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बायका डोक्यावर भारे घेऊन ती ओलांडतात, त्यांच्यासाठी कुणी समिती नेमत नाही. त्यांच्याच मागोमाग जाईन. तुझ्या गुडघ्याला विश्रांती दे, जिभेलाही.

ताई

*

रविवार, संध्याकाळ, घारूच्याच टेबलावरून

चि. घारू आणि चि. माझे चिरंजीव, दोघांना मिळून एकच आशीर्वाद.

मी पोचले. दार वहिनीने उघडलं आणि आधी माझ्यामागे कोण आहे ते पाहिलं. तेव्हा कळलं, की तुम्ही दोघे पहाटेच गाडी काढून, डोंगराला वळसा घालून मला अडवायला माझ्या घरी गेलात. पुढचं तुमच्या फोनवरून समजलं. घर बंद दिसल्यावर तुम्ही मला गाठायला डोंगर चढू लागलात, आणि पहिल्याच टेकाडावर घारूचा पाय मुरगळला. बूट सैल झाले असतील. आता तो माझ्या गावच्या दवाखान्यात पडून आहे आणि भाचा उशाशी बसला आहे. छान. मामाची सेवा घडू दे.

चढ दमवतो, खोटं कशाला सांगू. वर पोचल्यावर काठी टेकून उभी राहिले. बाजाराच्या बायकांनी बसायला जागा केली आणि मुलगा काय करतो असं विचारलं. इंजिनियर आहे म्हटल्यावर त्यांनी फार सहानुभूती दाखवली.

चिरंजीव फोनवर म्हणाले, आई, तू जिंकलीस, घराचा विषय संपला. मला जिंकायचं नव्हतं रे, घरी राहायचं होतं. तुझ्याकडे येईन, पाहुणी म्हणून, आणि परतायचा दिवस मी ठरवीन.

आता महत्त्वाचं. वहिनी म्हणते, लग्न होऊन आल्यापासून तो डोंगर तिने भांडी घासताना खिडकीतूनच पाहिला. नवऱ्याला बघायला ती उद्या माझ्याबरोबर पायीच निघते आहे. हे पत्र रात्रीच्या बसने पुढे पाठवते. तुम्ही आम्हाला आणायला निघू नका. वाट अरुंद आहे, उगाच मध्ये याल.

तुमची,
ताई आणि आई